विचारा की! : नोबेल पण तिथलंच, भानगड पण तिथलीच

टिळकवाडी, बेळगावहून एक रिटायर्ड शिक्षक विचारतात : डॉक्टर, आमच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. अमेरिकेतल्या ज्या युनिव्हर्सिटीला कोरोना लशीबद्दल नोबेल मिळालं, तिथेच म्हणे कैद्यांवर प्रयोग केले आणि एका पोराचा इंजेक्शन देऊन जीव घेतला. खरं आहे का हे? आणि खरं असेल तर या मोठ्या मेडिकल कॉलेजांवर भरवसा ठेवायचा तरी कसा?

गुरुजी नमस्कार. खरं आहे बघा, फक्त मेसेज लिहिणाऱ्याने सत्तर वर्षांचा मामला एकाच पातेल्यात ढवळलाय, म्हणून जरा सुटं करून सांगतो.

ती फिलाडेल्फियाची पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी. तिथे अल्बर्ट क्लिगमन नावाचे त्वचारोगाचे प्रोफेसर होते, त्यांनी १९५१ पासून १९७४ पर्यंत होम्सबर्ग नावाच्या तुरुंगात कैद्यांच्या अंगावर प्रयोग केले. क्रीम, साबण, शाम्पू तर होतेच, पण डायॉक्सिनसारखं विष पण होतं, डाऊ केमिकल कंपनीने त्याचे पैसे दिले होते आणि या साहेबांनी कंपनीने सांगितलेल्या डोसच्या कितीतरी पट डोस लावला. कैदी बहुतेक काळे, गरीब, चार पैसे मिळतात म्हणून तयार झालेले, कशाला सही करतोय ते त्यांना कुणी धड सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा तुरुंगात शिरल्यावर काय वाटलं ते क्लिगमनने स्वतःच पेपरवाल्यांना सांगितलंय, की मला समोर नुसती एकरांनी कातडी दिसली, शेतकऱ्याला पहिल्यांदाच सुपीक रान दिसावं तसं. आता याच माणसाच्या कामातून ट्रेटिनॉइन आलं, मुरमांवर आजही जगभर लिहून देतात ते. अमेरिकेत त्याला १९७१ मधे परवानगी मिळाली. (आपल्याकडे गोरं व्हायला म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ज्या ट्यूबा नेतात त्यातल्या कित्येकांत हेच असतं, वर स्टेरॉइड पण, आणि मग तोंड लाल करून पोरी येतात, असो.) कैद्यांनी २००० मधे केस घातली, ती मुदत संपली म्हणून फेटाळली गेली. युनिव्हर्सिटीच्या मेडिकल विभागाने माफी मागितली २०२१ मधे. क्लिगमन २०१० मधेच गेले होते.

दुसरं, तो पोरगा. जेसी गेल्सिंगर, वय १८. लिव्हरमधल्या एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे त्याच्या रक्तात अमोनिया साठायचा, पण औषध आणि पथ्यावर त्याचं बरं चाललं होतं, म्हणजे मरणाच्या दारातला पेशंट नव्हताच तो. पुढच्या तान्ह्या बाळांना उपयोग होईल म्हणून स्वतःहून ट्रायलमधे गेला. सप्टेंबर १९९९ मधे जीन भरलेला व्हायरस त्याला दिला आणि चार दिवसांत तो गेला. चौकशी झाली तेव्हा एकेक बाहेर आलं. डोस द्यायच्या वेळी त्याचा अमोनिया ट्रायलच्या मर्यादेपेक्षा जास्त होता, आधीच्या पेशंटांना झालेला त्रास वेळेवर कळवलेला नव्हता, आणि माकडं मेली होती ती गोष्ट सहीच्या फॉर्ममधून गाळलेली होती. आणि ट्रायलचे प्रमुख जेम्स विल्सन यांची स्वतःची कंपनी होती, तिच्यात युनिव्हर्सिटीचा पण हिस्सा होता. २००५ मधे युनिव्हर्सिटीने गुन्हा कबूल न करता सरकारला ५ लाख १७ हजार डॉलर भरले आणि विल्सनवर काही वर्षं माणसांवरच्या ट्रायल चालवायला बंदी आली.

आता गुरुजी, यापुढचं तुमच्या मेसेजमधे नाही. बंदी होती माणसांवर, लॅब चालूच होती. त्याच विल्सनच्या लॅबने नंतर वेगळ्या जातीचे, जास्त सुरक्षित व्हायरस शोधले आणि त्यातला एक एएव्ही-९. २०२१ च्या सुमाराला लहान लेकरांच्या एसएमए या स्नायू लुळे पडणाऱ्या आजारासाठी १६ कोटींचं इंजेक्शन म्हणून गावोगाव वर्गण्या झाल्या, तुम्ही पण दिली असेल शंभर-पाचशे, त्या इंजेक्शनमधे जीन वाहून नेणारा व्हायरस हाच. म्हणजे ज्याच्या ट्रायलमधे एक पोरगा गेला त्याच्याच लॅबमुळे आज काही पोरं मान धरतात, बसतात. मला हे पचायला अवघड जातं आणि तसंच जाऊदे असं वाटतं.

आणि नोबेल युनिव्हर्सिटीला मिळत नाही ओ, माणसांना मिळतं. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना मिळालं २०२३ मधे, त्यांच्या २००५ च्या शोधाबद्दल. एमआरएनए म्हणजे कुठलं प्रथिन बनवायचं ते पेशीला सांगणारी चिठ्ठी, बाहेरून आलेल्या अशा चिठ्ठीवर शरीर तुटून पडतं, पण त्यातलं एक अक्षर थोडं बदललं तर गप्प बसतं, एवढं त्यांनी दाखवलं आणि त्यावर फायझर-मॉडर्नाच्या लशी उभ्या राहिल्या (आपण घेतली ती कोविशील्ड नाहीतर कोव्हॅक्सिन, ती वेगळ्या पद्धतीची). पण याच युनिव्हर्सिटीने १९९५ मधे ग्रँट मिळत नाही म्हणून कारिकोबाईंना खालच्या पोस्टवर ढकललं होतं. आता नोबेल आल्यावर फोटो मात्र सगळ्यांबरोबर!

तेव्हा भरवशाचं विचाराल तर मी कॉलेजच्या बोर्डावर कधीच ठेवत नाही, त्या त्या अभ्यासाबद्दल तीन गोष्टी बघतो. यात पैसा कुणाला सुटणार आहे, भाग घेणाऱ्याला नाही म्हणता येत होतं का, आणि काही बिघडलं तर ते कुणाला आणि कधी कळवलं. क्लिगमन तिन्हीत नापास. विल्सनच्या ट्रायलमधे पोरगा राजीखुशीने आला होता खरा, पण अर्धी माहिती घेऊन आलेला होकार किती धरायचा?

निपाणीहून एक वाचक : मामांना ब्लड कॅन्सर आहे. कार-टी नावाची ट्रीटमेंट भारतात निघाली म्हणतात, ती पण अमेरिकेच्याच शोधाची कॉपी का? मिळेल का आम्हाला?

कॉपी नाही. पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी काढून, त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवून परत सोडायच्या अशी ती पद्धत. वर सांगितलेल्या पेनसिल्व्हेनियाच्याच कार्ल जून यांच्या टीमने २०१२ मधे सहा वर्षांच्या एका मुलीला अशा पेशी दिल्या, पोरगी आयसीयूत जवळजवळ गेलीच होती, आणि जूनसाहेबांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता म्हणून त्यांना संधिवाताचं एक औषध ठाऊक होतं, ते दिलं आणि ती वाचली. आपल्याकडची आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून स्वतः बनवलेली आहे, ऑक्टोबर २०२३ मधे सरकारी परवानगी मिळाली, खर्च चाळीस लाखांच्या आसपास. पण प्रत्येक ब्लड कॅन्सरला चालत नाही, बी पेशींच्या ठराविक कॅन्सरमधे आणि तेही बाकीचे उपाय थकल्यावर. मामांचा रिपोर्ट घेऊन आधी हिमॅटोलॉजिस्टला (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरला) विचारा, जमीन विकायचं नंतर बघू.

खानापूर तालुक्यातून एक जण : डॉक्टर, बायकोला तिसरा महिना चालू आहे, पहिलटकरीण. आशाताईंबरोबर मेडिकल कॉलेजच्या दोन मॅडम घरी आल्या, गरोदर बायकांचा अभ्यास चाललाय त्यात नाव घालू का म्हणाल्या. फॉर्म कन्नडमधे, बायकोचं शिक्षण मराठीतून. आई म्हणते सुनेला उंदीर करायचं नाही. मी काय सांगू त्यांना?

आधी आईंना सांगा की आपल्या भागातल्या बायकांनी आधीच एकदा जगाला काहीतरी दिलंय. बाळंतपणानंतर रक्त जाऊन बाई दगावते हे आईंना ठाऊक असेल, त्यांच्या काळात गावोगाव ऐकलेलं असेल. त्यावर इंजेक्शन असतं पण ते थंड ठेवावं लागतं, टोचणारं माणूस लागतं, आणि पावसाळ्यात तुमच्या कणकुंबीकडच्या वाड्यावस्त्यांवर कुठला फ्रीज आणि कुठली लाईट. तर बेळगावच्या जेएनएमसी कॉलेजच्या लोकांनी परदेशी संशोधकांबरोबर २००२ ते २००५ मधे बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांत १६२० बायकांचा अभ्यास केला. निम्म्यांना बाळ झाल्याझाल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, आणि द्यायच्या कोण तर सबसेंटरच्या सिस्टर. औषध नसलेल्या गटात १०० पैकी १२ बायकांना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. थंडी वाजणं, ताप येणं असला त्रास औषधाने झाला, पण तो उतरला. २००६ मधे ‘लॅन्सेट’मधे छापून आलं आणि २०११ मधे जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली. ज्यांना औषध नसलेली गोळी मिळाली त्यांचं काय, हा प्रश्न आईंनी विचारला तर तो अगदी बरोबर आहे, त्यावर वाद घालता येतो. एवढंच सांगेन की त्या वेळी तिथे घरच्या बाळंतपणात दुसरं औषध मिळतच नव्हतं, आणि सिस्टर जवळ होती हे तरी दोन्ही गटांना मिळालं.

नंतर पहिलटकरणींना रोज छोटी ॲस्पिरिन देऊन दिवस भरण्याआधीची बाळंतपणं कमी होतात का याचा सहा देशांत अभ्यास झाला, जवळजवळ १२ हजार बायका, त्यात बेळगाव पण होतं आणि नागपूर पण. १३.१ टक्क्यांचं ११.६ वर आलं. दिसायला थोडं वाटतं, पण लाखो बाळंतपणं धरली की लई होतं ते.

हे झालं चांगलं. आता तुमच्या फॉर्मचं. असा फॉर्म चालत नाही. ज्या भाषेत बाईला वाचता येतं, समजतं, त्या भाषेत तो पाहिजे असा नियम आहे आणि सीमाभागात काम करणाऱ्या कॉलेजला हे मी सांगायला पाहिजे असं नाही. मराठी प्रत मागा, त्यांच्याकडे बहुतेक असतेच, गाडीत राहिलेली असते. वाचता येत नसेल तर वाचून दाखवताना तिसरा तटस्थ माणूस साक्षीला लागतो. आणि सही तुमच्या बायकोची, तुमची नव्हे, सासूची नव्हे, आशाताईंच्या शब्दावर तर मुळीच नव्हे. २००९-१० मधे आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात शाळकरी मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरविरुद्धची) लस देऊन एक अभ्यास चालला होता, तिथे हॉस्टेलच्या कितीतरी मुलींच्या फॉर्मवर वॉर्डननी सह्या ठोकलेल्या निघाल्या. काही मुली दगावल्या, चौकशीत त्याचा लशीशी संबंध लागला नाही, पण सह्यांचा घोळ एवढा होता की अभ्यास थांबला आणि संसदेच्या समितीने २०१३ मधे कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती हो, आजही देतात. माती केली ती त्या सह्यांनी.

मॅडमना विचारा, सीटीआरआय (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर काय. औषधाची ट्रायल असेल तर २००९ पासून तिथे नोंद करावीच लागते, नंबर मोबाईलवर टाकला की अभ्यास कशाचा, कुणाच्या पैशाने, सगळं दिसतं. एथिक्स कमिटीचा (अभ्यास नीतीने चाललाय का ते बघणाऱ्या समितीचा) फोन नंबर फॉर्मवरच असतो, त्या कमिटीत निम्मे लोक कॉलेजबाहेरचे लागतात आणि एक तरी साधा नागरिक लागतो. मधेच सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि सोडलं म्हणून दवाखान्यातली नेहमीची तपासणी बंद करता येत नाही. ट्रायलच्या औषधाने काही झालं तर उपचार फुकट आणि भरपाई वेगळी, २०१९ च्या नियमांत आहे ते. एवढं विचारल्यावर मॅडम चिडल्या तर नाव घालू नका. बसून नीट समजावलं तर पुढचं वहिनींना ठरवूदे. आईंना सांगा, उंदराला कुणी विचारत नाही.

नाव, गाव, कॉलेज छापू नका अशी विनंती करून एक पीजी विद्यार्थिनी (ॲनेस्थेशिया, म्हणजे भूल) : सर, थिसिसच्या सिनॉप्सिसमधे (आराखड्यात) शंभर केसेस लिहिल्या होत्या, हातात साठ-पासष्टच आहेत. गाईड मॅडम म्हणतात मास्टर चार्ट (सगळ्या केसेसच्या आकड्यांचा तक्ता) मनाने भरून टाक, सगळे भरतात, कुणाचं काय नुकसान होतंय. तक्रार केली तर परीक्षेत बघून घेतील. झोप लागत नाही.

पोरी, आधी नुकसानीचं सांगतो, कारण तुझ्याच विषयातली उदाहरणं आहेत. जर्मनीतले योआखिम बोल्ट, ॲनेस्थेशियातलं बडं प्रस्थ, स्टार्चच्या सलाईनवर त्यांचे ढीगभर पेपर. २०१० मधे त्यांची बनवाबनवी उघडी पडली आणि नोकरी गेली. २०१३ मधे काही संशोधकांनी सगळे अभ्यास परत एकत्र केले, त्यातून बोल्टचे बाजूला काढले, तर स्टार्चने अतिगंभीर पेशंटांच्या किडनीला इजा होते आणि मृत्यू वाढतात असं चित्र दिसायला लागलं. ते पेपर धरले की सगळं आलबेल दिसायचं. म्हणजे खोटे आकडे एकाच्या कपाटात पडून राहात नाहीत, ते कुणाच्या तरी शिरेत जातात. तुझा थिसिस एवढा लांब जाणार नाही म्हणशील, पण त्यातूनच मॅडम पेपर काढणार, प्रमोशनला पेपर लागतो, आणि पेपर एकदा छापला की कोण त्याचा आधार घेईल ते तुझ्या हातात नाही.

दुसरे जपानचे योशिताका फुजी, टोक्योच्या तोहो युनिव्हर्सिटीच्या मेडिकल विभागातले. ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर ग्रॅनिसेट्रॉन या औषधाचे अभ्यास, एकामागून एक, सगळे गुळगुळीत. २००० मधेच काही डॉक्टरांनी एका जर्नलला पत्र लिहिलं होतं की हे आकडे विश्वास बसू नये इतके छान आहेत, प्रत्येक गटात डोकं दुखणारे पेशंट सारखेच कसे? कुणी मनावर घेतलं नाही. २०१२ मधे जॉन कार्लाइल नावाच्या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने हिशोब मांडून दाखवलं की खऱ्या पेशंटांचे आकडे इतके नीटनेटके येणं जवळपास अशक्य, आणि जपानच्या संघटनेच्या चौकशीत १७२ पेपर बनावट निघाले. खरा डेटा ओबडधोबड असतो ग, तुझे साठ-पासष्ट आहेत तसाच. आपल्याकडे थिसिस सॉफ्टवेअरमधून काढतात ते नुसती कॉपी पकडायला, यूजीसीचे २०१८ चे नियम पण वाङ्मयचौर्यापुरतेच. आकडे घरी बसून बनवले तर ते सॉफ्टवेअर छान शून्य टक्के दाखवतं.

आता तक्रार. गोड गोड सांगून तुला पुढे ढकलणार नाही. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधे, जिथे वैद्यकशास्त्राचं नोबेल ठरवतात तिथे, पाओलो माक्कियारिनी या सर्जनने २०११ पासून प्लास्टिकच्या श्वासनळ्या बसवल्या आणि त्याचा जयजयकार झाला. कारोलिन्स्कात ज्यांना बसवल्या ते तिन्ही पेशंट पुढे दगावले. त्याच्याच बरोबरच्या चार डॉक्टरांनी २०१४ मधे कागदपत्रांसकट तक्रार केली. बाहेरच्या तज्ज्ञाने २०१५ च्या मे महिन्यात गैरप्रकार झाला असं सांगितलं, आणि ऑगस्टमधे कुलगुरूंनी सर्जनला निर्दोष ठरवलं! २०१६ मधे स्वीडनच्या टीव्हीने सगळं दाखवल्यावर कुलगुरूंची खुर्ची गेली, सर्जनची नोकरी गेली. २०२३ मधे वरच्या कोर्टाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली. आणि त्या चौघांतला एक जण एका पेपरवर सहलेखक होता, म्हणून २०१८ मधे त्यालाही दोषींच्या यादीत घातलं. तेव्हा शूर व्हायच्या आधी शहाणी हो.

तुझ्या जागी मी मॅडमविरुद्ध आज काही लिहिणार नाही. मी लिहीन स्वतःबद्दल, की केसेस इतक्याच मिळाल्या, कारण अमुक (ओटीची लिस्ट कमी झाली, पेशंट निकषात बसले नाहीत, जे खरं असेल ते), आणि कमी संख्येवर थिसिस सादर करायला परवानगी द्यावी. गाईडमार्फत एथिक्स कमिटीला. सॅम्पल कमी पडणं हा गुन्हा नाही, मर्यादा म्हणून एका परिच्छेदात लिहायचं असतं, मी परीक्षक म्हणून असे थिसिस पास केलेत. स्टॅटिस्टिशियनकडे आधी जाऊन ये, कमी केसेसवर काय सांगता येतं ते तो काढून देईल, मग मॅडमपुढे रडत जाण्याऐवजी कागद घेऊन जाशील. बऱ्याच गाईडना नुसती कटकट नको असते, त्यांच्यापुढे तयार पत्र ठेवलं की सही करतात. केस शीटचे फोटो नको काढूस, पेशंटची नावं असतात, पण नंबर, तारीख, कोणत्या दिवशी कोणाची नोंद केली हे वहीत लिहून ठेव आणि ती वही घरी ठेव. त्यावरही चार्ट भर म्हणाल्या तर एचओडी (विभागप्रमुख), नाहीतर एथिक्स कमिटीचे बाहेरचे सभासद. एकटी जाऊ नकोस, तुझ्या बॅचमधे अजून कुणीतरी असणारच. आणि झोप येत नाही म्हणून ओटीतलं काही घेऊ नकोस, तुमच्या विषयात ते हाताशी असतं म्हणून बोललो. मासिकाच्या पत्त्यावर नंबर पाठव, मी फोन करतो.

हुक्केरीहून एक पालक : मुलाला एमबीबीएसला दोन कॉलेजं मिळू शकतात. एकाच्या वेबसाईटवर हजारांनी रिसर्च पेपर लिहिलेत, दुसऱ्याचं तसं काही नाही. पहिलं घेऊ का?

पेपरांवरून नको. एमबीबीएसच्या पोराला त्याचा काय उपयोग, आणि हजारांतले किती पैसे भरून छापलेत ते वेबसाईट सांगत नाही. एखाद्या सोमवारी सकाळी नऊला दोन्हीकडे जा, ओपीडीत केसपेपरची लाईन किती लांब आहे बघा, वॉर्डात खाटांवर खरे पेशंट आहेत का नुसत्या चादरी ते बघा, हॉस्टेलच्या पोरांना चहा पाजून विचारा सर शिकवतात का. फी आणि बाँड कागदावर घ्या, तोंडी नको.